शार्क ३.० : प्रकाशाने घडणाऱ्या अभिक्रिया संगणकावर पाहताना

प्रकाश शोषल्यावर रेणू नेमका कसा हलतो, वळतो आणि तुटतो हे संगणकावर टप्प्याटप्प्याने पाहायचे असेल, तर आज उपलब्ध असलेल्या मोजक्या सॉफ्टवेअरमध्ये ‘शार्क’ला मी पहिली पसंती देईन. ऑस्ट्रियातील व्हिएन्ना विद्यापीठात लेटिसिया गोन्झालेझ यांच्या गटाने ते घडवले. पद्धतीवरचा पहिला शोधनिबंध २०११ मध्ये प्रसिद्ध झाला आणि ३.० ही आवृत्ती २०२३ मध्ये आली. हे परीक्षण त्या आवृत्तीच्या वापरावर आधारलेले आहे. पुण्यात पाषाण परिसरात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, आयसर ही विज्ञान शिक्षण व संशोधन संस्था आणि सी-डॅक हे प्रगत संगणन केंद्र या तिन्ही संस्था जवळजवळ आहेत, गणेशखिंडीत विद्यापीठाचा रसायनशास्त्र विभाग आहे, आणि त्यामुळे सैद्धांतिक प्रकाशरसायनाकडे वळू पाहणारे विद्यार्थी इथे दरवर्षी भेटतात. ‘सुरुवात कोणत्या सॉफ्टवेअरने करावी?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. त्याचे उत्तर दोन वाक्यांत देता येत नाही, म्हणून हा लेखनप्रपंच.

या कामाची गरज कुठून येते ते आधी सांगायला हवे, कारण सॉफ्टवेअरची पारख त्यावरच ठरते. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचाही दहा लाखावा भाग. कार्बन-कार्बन दुहेरी बंधाचे एक कंपन साधारण २० फेम्टोसेकंदांत पुरे होते आणि ऑक्सिजन-हायड्रोजन बंधाचे साधारण ९ फेम्टोसेकंदांत. आपल्या डोळ्यातील ऱ्होडॉप्सिन या प्रथिनात बसलेला रेटिनलचा रेणू प्रकाश पडताच वाकड्या रूपातून सरळ रूपात येतो, आणि ते वळण सुमारे २०० फेम्टोसेकंदांत पार पडते, असे १९९१ मध्ये लेझर स्पंदांच्या प्रयोगांनी दाखवले. शोषलेल्या प्रत्येक तीन फोटॉनांपैकी साधारण दोन फोटॉन हे वळण यशस्वीपणे घडवून आणतात. अशा वेगाच्या घटना लेझर स्पंदांनी टिपण्याचे शास्त्र उभे केल्याबद्दल अहमद झेवैल यांना १९९९ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. पण प्रयोगातून हाती येतो तो संकेत, म्हणजे कोणत्या क्षणी कोणत्या तरंगलांबीला किती शोषण झाले याची नोंद. त्या क्षणी अणू कुठे होते आणि इलेक्ट्रॉन कोणत्या अवस्थेत होते हे त्या नोंदीवरून उलगडायचे, तर सिम्युलेशनला पर्याय उरत नाही.

रसायनशास्त्राच्या नेहमीच्या सिम्युलेशनचा पाया १९२७ साली मॅक्स बॉर्न आणि रॉबर्ट ओपेनहायमर यांनी घातला. हलके इलेक्ट्रॉन जड अणुकेंद्रकांशी क्षणात जुळवून घेतात, त्यामुळे केंद्रके एकाच ऊर्जापृष्ठावरून (अणूंच्या प्रत्येक मांडणीला रेणूची ऊर्जा किती हे दाखवणाऱ्या कल्पित पृष्ठभागावरून) फिरतात असे धरून चालता येते, हे त्यांचे गृहीतक. अंधारात घडणाऱ्या बहुतेक अभिक्रियांना ते पुरते. प्रकाशाने उत्तेजित झालेला रेणू मात्र अशा जागी पोहोचतो जिथे दोन ऊर्जापृष्ठे एकमेकांना भिडतात. या जागेला कोनिकल इंटरसेक्शन म्हणतात, आणि तिथे हे गृहीतक कोसळते. लोणावळ्याच्या घाटमाथ्यावर वीतभर अंतराने पडलेल्या पावसाच्या दोन थेंबांपैकी एक कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो आणि दुसरा इंद्रायणी, भीमा, कृष्णा असा प्रवास करत बंगालच्या उपसागरात पोहोचतो. कोनिकल इंटरसेक्शनपाशी आलेल्या रेणूचेही तसेच होते. तिथे पोहोचताना त्याचा वेग आणि दिशा जराशी बदलली, तरी एक रेणू नव्या पदार्थात रूपांतरित होतो आणि दुसरा मूळ रूपात परततो.

ही फाटाफूट परवडणाऱ्या खर्चात हाताळण्याची रीत जॉन टली यांनी १९९० मध्ये नेमक्या रूपात मांडली. तिला सरफेस हॉपिंग म्हणतात. केंद्रके न्यूटनच्या नियमांनी कोणत्या तरी एकाच पृष्ठावरून पुढे सरकतात, सोबत इलेक्ट्रॉनांचे क्वांटम समीकरण सोडवले जाते, आणि दुसऱ्या पृष्ठावर उडी मारायची की नाही हे प्रत्येक पायरीवर एक यादृच्छिक संख्या ठरवते. अवस्थांमधील वाटणी राखण्यासाठी लागतील तेवढ्याच, म्हणजे कमीत कमी, उड्या पडाव्यात अशी या पद्धतीची रचना आहे. रेणूचा असा एक प्रवास म्हणजे एक ट्रॅजेक्टरी. एकच ट्रॅजेक्टरी काहीही सिद्ध करत नाही. शेकडो ट्रॅजेक्टरी चालवल्यावर त्यांच्या समूहातून अवस्थांचे आयुष्य आणि पदार्थांचे प्रमाण हाती येते.

सरफेस हॉपिंग करणारी सॉफ्टवेअर इतरही आहेत. शार्कचे वेगळेपण आहे ते इलेक्ट्रॉनांच्या स्पिनच्या बाबतीत. स्पिन हा इलेक्ट्रॉनाचा अंगभूत क्वांटम गुणधर्म; सिंगलेट अवस्थेत सगळे स्पिन एकमेकांना रद्द करतात, तर ट्रिपलेट अवस्थेत दोन इलेक्ट्रॉनांचे स्पिन समांतर असतात. सिंगलेट अवस्थेतून ट्रिपलेट अवस्थेत जाणे ही पाठ्यपुस्तकांत सावकाश घडणारी प्रक्रिया म्हणून शिकवली जाते, आणि कार्बन, हायड्रोजन, ऑक्सिजन, नायट्रोजन एवढ्यांवरच थांबणाऱ्या अनेक रेणूंना ते लागूही पडते. रेणूत सल्फर आला की चित्र पालटते. युरॅसिल या आरएनएच्या घटकातील एका ऑक्सिजनच्या जागी सल्फर बसवला की थायोयुरॅसिल तयार होते. युरॅसिल प्रकाशाची ऊर्जा झटपट उष्णतेत विरवून मूळ अवस्थेत येते, तर थायोयुरॅसिल पिकोसेकंदाच्याही (एक हजार फेम्टोसेकंदांच्याही) आत ट्रिपलेटमध्ये शिरते. ही बाब केवळ अभ्यासिकेपुरती नाही. ॲझाथायोप्रिन हे औषध अवयव-प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांना दिले जाते. त्यातून शरीरात ६-थायोग्वानिन तयार होते आणि डीएनएत जाऊन बसते. आपल्या डीएनएचे नेहमीचे घटक सूर्यप्रकाशातील ‘अतिनील-ए’ किरण जवळजवळ शोषत नाहीत; ६-थायोग्वानिन मात्र ३४० नॅनोमीटरच्या आसपास ते शोषते, ट्रिपलेटमध्ये जाते आणि त्यातून पेशीला इजा करणारा सिंगलेट ऑक्सिजन (ऑक्सिजनचे अतिशय क्रियाशील रूप) निर्माण होतो. अशा रुग्णांना ऊन टाळायला सांगतात त्यामागे हे रसायन आहे. या रेणूंवर काम करताना स्पिनबदल नंतर जोडलेली दुरुस्ती म्हणून चालत नाही. तो पहिल्या फेम्टोसेकंदापासून गणितात असावा लागतो.

शार्क तो पहिल्यापासून गणितात धरते. क्वांटम रसायनाच्या प्रोग्रॅमकडून येणाऱ्या अवस्था शुद्ध सिंगलेट किंवा शुद्ध ट्रिपलेट असतात. शार्क त्यांच्यातील स्पिन-ऑर्बिट युग्मन (इलेक्ट्रॉनाचा स्पिन आणि त्याची कक्षेतील गती यांचा परस्पर-परिणाम) मिळवून संपूर्ण हॅमिल्टोनियनचे, म्हणजे रेणूच्या ऊर्जेच्या क्वांटम मांडणीचे, मॅट्रिक्स तयार करते, ते डायगोनलाइज करून मिश्र अवस्था काढते, आणि उड्या पडतात त्या या मिश्र अवस्थांच्या दरम्यान. त्यामुळे सिंगलेट-सिंगलेट उडी आणि सिंगलेट-ट्रिपलेट उडी यांना एकच न्याय लागतो. लेझरचे विद्युतक्षेत्रही याच चौकटीत बसवता येते. इनपुट फाइलमध्ये अवस्थांच्या ओळीत ‘४ ० ३’ असे लिहिले की चार सिंगलेट, एकही डब्लेट (एक एकटा इलेक्ट्रॉन उरलेली अवस्था) नाही आणि तीन ट्रिपलेट असा त्याचा अर्थ होतो. प्रत्येक ट्रिपलेटचे तीन घटक वेगळे मोजायचे असल्याने गणितात एकूण १३ अवस्था येतात. नवख्या विद्यार्थ्याला हा १३ चा आकडा आधी बुचकळ्यात टाकतो, पण एकदा समजला की पुढच्या सगळ्या आउटपुट फाइलींमधले स्तंभ आपोआप उलगडतात.

दुसरी गोष्ट मला तितकीच मोलाची वाटते. दोन अवस्थांमधील युग्मन कधी कधी इतक्या अरुंद जागेत एकवटलेले असते की वेळेची एक पायरी त्याच्या अलीकडे पडते, पुढची पलीकडे, आणि मधले युग्मन गणिताला दिसतच नाही. शार्कमध्ये यावर उपाय म्हणून आधीच्या पायरीवरील आणि आताच्या पायरीवरील तरंगफलांचा (इलेक्ट्रॉनांच्या अवस्थेच्या गणिती वर्णनांचा) परस्पर-व्याप मोजून अवस्थांची ओळख पटवण्याची सोय आहे. मोठ्या रेणूंत, जिथे अवस्था दाटीवाटीने असतात, तिथे या सोयीशिवाय निकालांवर विश्वास ठेवणे मला कठीण वाटते.

आता प्रत्यक्ष वापराविषयी. शार्क लिनक्सवर चालते, गाभा फोर्ट्रानमध्ये आणि भोवतालच्या स्क्रिप्ट पायथॉनमध्ये आहेत, आणि जीपीएल या मुक्त परवान्यामुळे ते मोफत आहे. काम सुरू होते ते मूळ अवस्थेतील रेणूच्या कंपनांपासून. त्यांची मोल्डेन या स्वरूपातील फाइल विग्नर स्क्रिप्टला दिली की ती अणूंच्या सुरुवातीच्या जागा आणि वेग यांचे शेकडो संच बनवते. पुढच्या स्क्रिप्ट टर्मिनलवर एकेक प्रश्न विचारत जातात: किती अवस्था, कोणती क्वांटम रसायन पद्धत, पायरी किती फेम्टोसेकंदांची, युग्मन कसे मोजायचे, गतिज ऊर्जा कशी समायोजित करायची. ही प्रश्नोत्तरे लांबतात खरी, पण दिलेली सर्व उत्तरे एका फाइलमध्ये साठवली जातात आणि पुढच्या वेळी तीच फाइल थोडी बदलून पुन्हा वापरता येते. सहा महिन्यांनी परीक्षकाने ‘ही पायरी का निवडली?’ असे विचारले, तर आपण काय निवडले होते याची लेखी साक्ष त्या फाइलमध्ये असते. मॅन्युअल सविस्तर आहे, त्यात सूत्रेही दिली आहेत, आणि सोबतचा ट्युटोरियल अक्षरशः बोटाला धरून नेतो. पहिल्यांदा कंपाइल करताना मात्र गणिती लायब्ररींच्या वाटा नीट द्याव्या लागतात. क्लस्टर सांभाळणाऱ्या व्यक्तीला आधीच विचारून घेतलेले बरे.

खर्चाचा हिशेब सुरुवातीलाच करावा. पायरी साधारण ०.५ फेम्टोसेकंदाची ठेवतात, म्हणजे सर्वांत जलद अशा ऑक्सिजन-हायड्रोजन कंपनाच्या एका फेऱ्यात १८ बिंदू मिळतात. ५०० फेम्टोसेकंदांच्या ट्रॅजेक्टरीला अशा १,००० पायऱ्या लागतात. प्रत्येक पायरीवर ऊर्जा, ग्रेडियंट (ऊर्जेचा उतार) आणि युग्मने काढायला एका कोअरवर दहा मिनिटे लागली, तर एक ट्रॅजेक्टरी जवळजवळ सात दिवस चालते आणि शंभर ट्रॅजेक्टरींना सुमारे १६,७०० कोअर-तास लागतात. ट्रॅजेक्टरी एकमेकींवर अवलंबून नसल्याने शंभर कोअर मिळाल्यास हेच काम आठवड्यात उरकते, आणि आयसरमधील परम ब्रह्म या सुपरकॉम्प्युटरसारख्या यंत्रांसाठी ही विभागणी अगदी सोयीची आहे. लहान क्लस्टरवर क्यूची वेळमर्यादा आडवी येते. शिवाय गुरुवारी देखभालीसाठी वीज बंद राहणे पुणेकरांच्या अंगवळणी पडलेले आहे, आणि यूपीएस किती तग धरेल याचा भरवसा नसतो. अशा वेळी शार्कची रीस्टार्टची व्यवस्था खरोखर उपयोगी पडते: ट्रॅजेक्टरीच्या फोल्डरमध्ये ‘स्टॉप’ नावाची रिकामी फाइल टाकली की चालू पायरी पुरी करून काम नीट थांबते, आणि वीज आल्यावर तिथूनच पुढे सुरू करता येते.

ट्रॅजेक्टरी संपल्यावरच्या कामात शार्क मला सर्वांत जास्त आवडते. थायोयुरॅसिलची एखादी ट्रॅजेक्टरी उघडून पाहावी. पहिल्या काही डझन फेम्टोसेकंदांत कार्बन-सल्फर बंध १.६५ अँगस्ट्रॉमच्या आसपासून ताणत १.८ च्या पुढे जातो, वलयाच्या प्रतलात बसलेला सल्फर हळूहळू प्रतलाबाहेर झुकतो, वरची सिंगलेट अवस्था खालच्या सिंगलेटला भिडते आणि पहिली उडी पडते. ऊर्जेच्या आलेखात या सुमारास ट्रिपलेट अवस्थांच्या रेषा खालच्या सिंगलेटला वरचेवर छेदताना दिसतात. स्पिनचे अपेक्षित मूल्य ० वरून (सिंगलेट) २ कडे (ट्रिपलेट) सरकते, पुन्हा मागे येते, पुन्हा सरकते आणि अखेरीस तिथेच स्थिरावते. ‘स्पिनबदल झाला’ या एका वाक्याच्या पोटात एवढी ये-जा दडलेली असते, आणि ती डोळ्यांनी पाहिल्याशिवाय कोणत्याही विद्यार्थ्याने कोणत्या अवस्थेत किती ट्रॅजेक्टरी आहेत याच्या सरासरी वक्रावर घातांकी सूत्र बसवायला घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

तपासणीची स्क्रिप्ट प्रत्येक ट्रॅजेक्टरीची एकूण ऊर्जा टिकते का ते पाहते. मी स्वतः ०.२ इलेक्ट्रॉन-व्होल्टपेक्षा मोठी उडी दिसली की ती ट्रॅजेक्टरी त्या बिंदूपाशी तोडतो. कासस्कॅफ या, निवडक ‘सक्रिय’ कक्षकांचाच पूर्ण हिशेब करणाऱ्या, क्वांटम रसायन पद्धतीत सक्रिय कक्षकांपैकी एखादे बाहेरच्या कक्षकाशी अदलाबदल करते, तेव्हा नेमकी अशी उडी दिसते. ही तपासणी टाळून काढलेले निकाल देखणे असू शकतात. विश्वासार्ह असतीलच असे नाही.

यातूनच मर्यादांचा विषय निघतो. शार्क स्वतः ऊर्जा काढत नाही; ती ओपनमोल्कास, ओर्का, कोलंबस, गॉसियन, टर्बोमोल, मोलप्रो, बॅगेल अशा दुसऱ्या प्रोग्रॅमकडून येते. त्यामुळे पद्धतीची निवड चुकली तर शार्क चुकीच्या पृष्ठांवरही तितक्याच निष्ठेने रेणू पळवते. इलेक्ट्रॉनांच्या घनतेवरून उत्तेजित अवस्था काढणारी टाइम-डिपेंडंट डीएफटी स्वस्त आहे, पण मूळ अवस्था आणि पहिली उत्तेजित सिंगलेट यांच्या कोनिकल इंटरसेक्शनचा आकारच ती पद्धत चुकीचा देते. रेणू मूळ अवस्थेत परतण्याचा प्रश्न तिच्यावर सोपवू नये. कासस्कॅफवर दुरुस्ती चढवणारी कासपीटी२ पुष्कळ अंशी भरवशाची आहे, पण तिचा खर्च रेणूचा आकार वाढताच आवाक्याबाहेर जातो. मॅन्युअल प्रत्येक इंटरफेस कसा चालवायचा ते नेमके सांगते, पण कोणत्या रेणूसाठी कोणती पद्धत घ्यावी यावर मात्र थोडेच बोलते. नवख्या विद्यार्थ्याला मार्गदर्शनाची सर्वाधिक गरज याच ठिकाणी असते.

सरफेस हॉपिंगच्याही स्वतःच्या उणिवा आहेत. इलेक्ट्रॉनांची क्वांटम सुसंगती ही पद्धत गरजेपेक्षा जास्त काळ जपते, म्हणून डीकोहेरन्सची, म्हणजे ही सुसंगती ओसरण्याची, दुरुस्ती जोडावी लागते. शार्कमध्ये जिओव्हानी ग्रानुच्ची आणि मॉरिझिओ पर्सिको यांनी सुचवलेली ऊर्जाधारित दुरुस्ती उपलब्ध आहे. उडीनंतर ऊर्जेचा हिशेब जुळवताना सगळ्या अणूंचे वेग सरसकट कमी-जास्त केले, तर मोठ्या रेणूत वर उडी मारायला नको तितकी ऊर्जा उपलब्ध होते आणि उलट्या उड्या वाढतात. संक्रमण धातूंच्या संयुगांत या दोन निवडींनी निकाल लक्षणीय बदलतात हे प्रसिद्ध झालेल्या कामांतून दिसले आहे. म्हणून डीफॉल्ट पर्याय डोळे मिटून स्वीकारू नयेत. निदान ट्रॅजेक्टरींच्या एका छोट्या गटावर दोन्ही पर्याय चालवून फरक पाहावा.

संख्याशास्त्राबद्दलही थोडे. शंभर ट्रॅजेक्टरींपैकी ६५ मध्ये अभिक्रिया झाली, तर उत्पादनाचे प्रमाण ०.६५ येते, पण त्यातील प्रमाण त्रुटी जवळजवळ ०.०५ असते. ती निम्मी करायची तर ट्रॅजेक्टरी चौपट लागतात. पन्नास ट्रॅजेक्टरींच्या आधारे दोन अभिक्रियामार्गांत चार टक्क्यांचा फरक ‘सिद्ध’ करणारे सादरीकरण समोर आले, तर श्रोत्यांनी प्रश्न विचारलाच पाहिजे.

या साऱ्या क्षेत्राची परीक्षा अलीकडे उघडपणे घेतली गेली. ‘जर्नल ऑफ केमिकल फिजिक्स’ने सायक्लोब्युटेनॉनच्या रेणूबाबत आव्हान दिले: २०० नॅनोमीटरच्या प्रकाशाने उत्तेजित केल्यावर काय होईल आणि इलेक्ट्रॉन-विवर्तनात (इलेक्ट्रॉनांचा झोत टाकून अणूंच्या जागा टिपण्याच्या प्रयोगात) काय दिसेल, याचे भाकीत अमेरिकेतील स्लॅक प्रयोगशाळेतील प्रयोगाचा निकाल कळण्याआधीच करायचे. २०२४ मध्ये ही भाकिते प्रसिद्ध झाली, शार्क वापरणारे गटही त्यांत होते. रेणू वरच्या अवस्थेत किती काळ टिकेल यावरच्या उत्तरांत मोठी तफावत होती, आणि तिचा बराचसा उगम इलेक्ट्रॉनांच्या गणिताची पद्धत कोणती निवडली यात होता. निकाल माहीत नसताना भाकीत छापण्याचे धैर्य या गटांनी दाखवले, याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

पर्यायांचा विचार करताना न्यूटन-एक्स हे नाव आधी येते. मारिओ बार्बाती यांनी पुढे नेलेले हे सॉफ्टवेअर जुने आणि भरवशाचे आहे; ज्यांच्या रेणूत ट्रिपलेटची भूमिका नगण्य आहे आणि ज्यांच्या गटात ते आधीपासून रुळले आहे, त्यांनी शार्ककडे वळण्याची घाई करण्याचे कारण नाही. रेणू लहान आणि ताठ असेल, कंपनांची संख्या हाताळण्याजोगी असेल, आणि तरंगपुंजाचे क्वांटम वर्तनच पाहायचे असेल, तर एमसीटीडीएच ही अणुकेंद्रकांनाही क्वांटम तरंग मानणारी पद्धत अधिक काटेकोर आहे, पण त्यासाठी ऊर्जापृष्ठे आधीच बांधून ठेवावी लागतात. ज्यांना नॅनोसेकंदांपर्यंत जायचे आहे त्यांच्यासाठी शार्कला जोडलेले ‘श्नार्क’ हे यंत्रशिक्षणावर आधारित साधन आहे. मिथिलीनइमोनियमसारख्या छोट्या आयनावर यंत्रशिक्षणाच्या साह्याने एक नॅनोसेकंदाचे सिम्युलेशन २०१९ मध्येच प्रसिद्ध झाले होते.

पुण्यातील एखाद्या महाविद्यालयात एम.एस्सी.चा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्याकडे सुपरकॉम्प्युटर नसला तरी अडत नाही. शार्कमधील लिनिअर व्हायब्रॉनिक कपलिंग मॉडेलमध्ये ऊर्जापृष्ठे मूळ रचनेभोवती सोप्या सूत्रांनी मांडलेली असतात, त्यामुळे प्रत्येक पायरीवर क्वांटम रसायनाचा प्रोग्रॅम चालवावा लागत नाही आणि शेकडो ट्रॅजेक्टरी साध्या लॅपटॉपवर चालतात. ज्या रेणूत बंध तुटतात किंवा मोठी वळणे येतात तिथे हे मॉडेल चालत नाही, पण सल्फर डायऑक्साइडसारख्या ताठ रेणूत सिंगलेट-ट्रिपलेट ये-जा शिकण्यासाठी ते उत्तम आहे. ते हाताखालून गेले की ओपनमोल्काससारखा मोफत प्रोग्रॅम जोडून खऱ्या पृष्ठांवरच्या पाच-दहा ट्रॅजेक्टरी चालवाव्यात, प्रत्येकीची एकूण ऊर्जा तपासावी, आणि मगच मोठ्या यंत्रावर वेळ मागणारा अर्ज भरावा. त्या अर्जात कोअर-तासांचा जो आकडा लिहावा लागतो, तो या पाच-दहा ट्रॅजेक्टरींवरूनच नेमका काढता येतो.